न दिलेली ओ

ही गोष्ट आजपर्यंत माझ्या तोंडून निघालेली नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. आणि देवापाशी — तिथे मी नुसता हात जोडून उभा राहतो आणि दुसरंच काहीतरी बोलतो. ज्या दोघांना सांगायला हवं होतं, ती दोघंही आता नाहीत. राहिलात तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून सांगायला बसलोय. बसलोय खरा, पण सुरुवातीलाच पाय अडखळतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मी देशाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होतो. हसू नका. वऱ्हाडातल्या वरवट बकालचा माणूस, जिथे चहूकडे कपाशीची शेतं आणि चेंडू म्हणजे चिंध्यांचा, तो देशाच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, हे ऐकून दिल्ली-कलकत्त्याकडचे लोकही हसत. मग सामना बघत आणि गप्प बसत. पोरं मला घाबरत. घाबरावंच, असा माझा स्वभाव. गोल चुकला तर मी एकवेळ पाणी पाजीन, पण एका गोष्टीला माझ्याकडे माफी नव्हती. ज्याला चेंडू हवा त्यानं हाक मारायची, आणि ज्याच्या पायात चेंडू आहे त्यानं ओ द्यायची. चेंडू दे, नाहीतर देऊ नकोस, पण ओ दे! फार गुणी असा एक आघाडीवाला मी एवढ्यावरून घरी पाठवला होता. त्याचा बाप येऊन हातापाया पडला, तरी मी ऐकलं नाही.

वर्तमानपत्रांनी यावर रकाने भरले. कुणी याला नवं तंत्र म्हटलं, कुणी शिस्त म्हटलं. मी मान डोलवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची — नाही का? हे तंत्र मी कुठे शिकलो, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. तुमच्याकडेही असेल कदाचित, पण आमच्याकडे ती अगदी पक्की. दिवेलागणीच्या वेळी बाहेरून कुणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. जे माणसातलं नाही ते दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याच्या गळ्यातून निघत नाही. आणि तुम्ही घाईनं ओ दिलीत, की गेलात त्याच्या मागं. तिसरी हाक आली म्हणजे माणूस. मग मात्र ओ द्यायचीच, कारण तीनदा हाक मारणाऱ्याचं काहीतरी अडलेलं असतं. आमच्याकडे संध्याकाळी पाहुणाही दारात उभा राहून तीनदा हाक मारतो. शहरातून आलेल्या सुनांना वाटतं, काय ही घाई!

पोरगा होतो तेव्हा माझा या सगळ्यावर विश्वास होता. पुढे शिकलो, जग हिंडलो, आणि विश्वास सुटला असं मला वाटायचं. मग एकदा परदेशातल्या एका बंदराच्या गावी आमचा सराव चालला होता. संध्याकाळ झाली होती आणि समुद्रावरून धुकं आलं होतं. लांबच्या गोलाचे खांब दिसेनासे झाले होते. हैदराबादचा एक पोरगा धावता धावता मध्येच थांबला. मागे वळून धुक्यात पाहत राहिला. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहब, ये दाम्या कौन है?"

मी विचारलं, का?

"कोई पुकार रहा है, साहब. गोल के पीछे से. दो बार."

तिसरी हाक आली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, दोनच. मी म्हटलं, इकडच्या भाषेतलं काहीतरी असेल, आणि सराव बंद केला. पोरं खूश झाली, कारण मी सराव लवकर कधीच सोडत नसे. त्या संघात माझं पूर्ण नावसुद्धा धड कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचा मी साहेब. मला दाम्या म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि तो तिथून हजारो कोस लांब, आपल्या गावी सोनाळ्याला, मोडका पाय घेऊन बसला होता.

त्याचं नाव उकंडा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उकंड्यावर, ठेवला आणि परत उचलून घेतला. म्हणजे मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे, याच्याकडे काय बघायचं? पोर जगलं आणि नाव तेच पडलं. बाप लहानपणीच गेला होता. मायलेक दोघंच, थोडीशी शेती. मी मालगुजारासारख्या तोऱ्यात वाढलेला, घरात गडीमाणसं, आणि तरी नांदुऱ्याच्या शाळेत आम्ही एका खोलीत राहायचो, एका ताटात जेवायचो. तो अनवाणी खेळायचा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडायच्या, त्या भेगांवरून त्याचा चेंडू असा जायचा, की भेगा त्यालाच दिसतात आणि आम्हाला नाही. आम्ही दोघंही आघाडीला, मधल्या जागेवर. तो माझ्याहून चांगला होता. थोडा नाही, खूप. हे मी त्या वयातही जाणून होतो, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं.

हे सगळं तेव्हाचं, जेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि कुठल्याही मोठ्या गोष्टीसाठी नागपूरकडे तोंड करावं लागे. प्रांताच्या विद्यार्थी संघाची निवड नागपूरला होती. आमच्या मास्तरांनी आम्हा दोघांनाही पाठवायचं ठरवलं, पण तिथे मधली जागा एकच. मास्तर हसत म्हणाले, तुमच्यापैकी एक जण परत येईल आणि दुसऱ्याचं सामान घेऊन येईल. सामान कोण आणणार, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी हसलो. उकंडाही हसला, पण तो खरंच हसला.

दिवाळीची सुट्टी होती. ठरलं असं, की त्यानं सोनाळ्याहून संध्याकाळपर्यंत आमच्याकडे मुक्कामाला यायचं आणि पहाटे आमच्या बैलांच्या दमणीतून दोघांनी नांदुऱ्याला जाऊन नागपूरची आगगाडी पकडायची. दिवस कलला तरी तो आला नाही, म्हणून मी शेतांमधल्या पांदणीनं त्याच्या वाटेला लागलो. आमचा कुत्रा बरोबर होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वेचायला आलेली. उजेड गेल्यावरही ती बोंडं दिसत राहतात. जमीन काळी होत जाते आणि पांढरे ठिपके तेवढे उरतात. मी कुत्र्याशी मोठमोठ्यानं बोलत चाललो होतो. एकटा माणूस अशा वेळी बोलतोच.

आमच्या हद्दीपलीकडे एक पडकी विहीर आहे. कठडा ढासळलेला, गवतानं तोंड झाकलेलं, पाणी आटलेलं. मी तिच्या अंगाला आलो आणि —

सांगतो. जरा थांबा.

"दाम्याऽऽ."

ती हाक खालून आली होती. विहिरीत घुमलेली, ओली. कुत्रा थांबला. मीही थांबलो. ओ दिली नाही. इथवर माझा काही दोष नव्हता. आमच्याकडच्या कुणीही हेच केलं असतं.

"दाम्याऽऽ."

दुसरी. आवाज उकंडाचा होता. ओळखू न येण्याचा प्रश्नच नव्हता. खोलीत, मैदानात, आंघोळीला नदीवर, दिवसातून शंभरदा मी तो ऐकलेला. पण आवाज ओळखीचाच असतो, असंही आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी श्वास रोखून तिसरीची वाट पाहत उभा राहिलो. आणि खरं सांगू? मी मनात म्हणत होतो, येऊ नको. येऊ नको. भूतच अस.

"दाम्याऽऽ."

तिसरी आली. म्हणजे माणूस. म्हणजे उकंडा विहिरीत पडलाय, मला हाक मारतोय, आणि मी चार पावलांवर उभा आहे. हे सगळं मला लख्ख कळलं. घाबरलो होतो म्हणून पळालो, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तिसऱ्या हाकेनं माझी भीती गेली होती. भीती गेली आणि तिच्या जागी दुसराच विचार आला. शब्दांत सांगतो — तो नसला, तर मी.

मी वळलो आणि घरी आलो. कुत्रा येईना, तर त्याला गळ्याला धरून ओढत आणला. आईला सांगितलं, खूप वाट पाहिली, तो आलाच नाही, त्याच्या आईनं सोडला नसेल. जेवलो. पहाटे दमणीत बसलो. नागपूरला माझी निवड झाली. चांगला खेळलो मी. हेही सांगायला हवं, की मी त्या दिवशी फार चांगला खेळलो.

उकंडा सापडला तो दुसऱ्या दिवशी, कपाशी वेचायला आलेल्या बायकांना. चेंडू खेळवत आडवाटेनं येत होता. चेंडू गवतात गेला, तो आणायला गेला आणि आत पडला. जीव वाचला. गुडघा गेला तो गेलाच. रात्रभर तसा पडून राहिला नसता तर गुडघा कदाचित वाचला असता, असं खामगावचा डॉक्टर म्हणाल्याचं मी पुढे ऐकलं.

आता तुम्हाला वाटेल, एवढंच ना? पोरवयातली असूया, एक भ्याड संध्याकाळ. मलाही पुष्कळ दिवस तसंच समजावून घ्यायचं होतं. पण कबूल करायचं ते याच्यापुढे आहे.

मी नागपूरहून आलो तेव्हा पारावर माणसं जमली होती. उकंडानं सगळं सांगितलं होतं. त्यानं काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? म्हणे, दाम्या वरून कुत्र्याशी बोलत चालला होता, मला आवाज आला, मी एक हाक मारली. एकच. बरगड्यांत अशी कळ आली, की पुढे दमच निघेना. आणि मग — मग वरून, विहिरीच्या तोंडाशी, कुणीतरी माझ्याच आवाजात दाम्याला हाका मारल्या. दोनदा.

माणसांनी माझ्याकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "काऊन रे दामोदर, तुले किती हाका आयकू आल्या?"

बघा, किती साधा प्रश्न. मी तीन म्हटलं असतं, तर सगळे म्हणाले असते, तीन म्हणजे माणसाची हाक. पोरानंच तीनदा हाक मारली, दुखण्याच्या भरात त्याला भान राहिलं नाही, बाकी काही नाही. उकंडा शहाणा ठरला असता, आणि तिसऱ्या हाकेला ओ न देणारा मी — मी काय ठरलो असतो? आणि एक म्हटलं, तर मी निर्दोष. एका हाकेला कोण ओ देतं? मग उकंडानं ऐकलेल्या दोन हाका मात्र बाहेर कुणीच ऐकल्या नव्हत्या. त्या त्याच्या आतल्या. म्हणजे विहिरीतून त्याच्याबरोबर काहीतरी वर आलेलं होतं.

मी म्हणालो, "एकच."

पाटलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. घरी का नाही सांगितलंस, तर म्हटलं, तू घाबरशील म्हणून. किती गुणाचं पोर!

मला ठाऊक होतं, की उकंडा खरं बोलतोय. कसं ठाऊक होतं? पहिली हाक घुमली होती. दुसरी आणि तिसरी घुमली नव्हती. त्या मोकळ्यावरून आल्या होत्या, गवताच्या अलीकडून, जवळून. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. नंतर इतकी वर्षं दुसरं काही मनावर घेता आलं नाही. काय उभं होतं तिथे? जे काही होतं, त्यानं त्याच्या एका हाकेला आपल्या दोन जोडल्या आणि माझ्यासाठी ती माणसाची हाक केली. जे माणसातलं नाही त्यालाही त्याची दया आली. आणि मी तर माणूस होतो.

मग उकंडाचं जे झालं ते सावकाश झालं. मांत्रिक आणला. मिरच्यांची धुरी दिली, निंबाच्या फोकांनी झोडपला, का तर बोल तू कोण आहेस. तो म्हणायचा, मी उकंडा आहे. लोक म्हणायचे, तेच तं म्हणणार ते. शाळेनं परत घेतला नाही. कुणी मुलगी दिली नाही. बाया पोरांना त्याच्या सावलीतून ओढून घ्यायच्या. मांत्रिकानं ताईत दिला होता, तो मात्र त्यानं कधी बांधून घेतला नाही. माझ्यात काही नाही तर कायले बांधू, म्हणायचा. आई रडायची, पाया पडायची. तो एवढ्या एकाच गोष्टीवर अडून राहिला.

आणि मी? मी नागपूरहून कलकत्त्याला गेलो, खेळलो, मग शिकवायला लागलो, मग देशाचा संघ हातात आला. गावी फारसा जात नसे. संध्याकाळच्या सरावाला कधी कधी ती हाक यायची. नेहमी दोनदाच. मी पोरांना जोरजोरात ओरडायला लावायचो, एकमेकांना ओ द्यायला लावायचो, म्हणजे मैदानात दुसरं काही ऐकू येऊ नये. झालं, हेच ते माझं तंत्र.

देशाचा प्रशिक्षक झाल्यावर वरवट बकालला माझा सत्कार झाला. मंडप, हार, आमदारांचं भाषण. मागे, मंडपाच्या खांबाला टेकून उकंडा बसला होता. त्याच्या आजूबाजूची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. सगळं आटोपल्यावर तो काठी टेकत आला. चारचौघांत मला साहेब म्हणाला. मग मला बाजूला, बैल बांधतात तिथे घेऊन गेला. ऊन उतरत होतं. त्याचे केस माझ्याआधी पांढरे झाले होते.

"दाम्या, एक इचारू? राग नोको मानू. तू मोठा मानूस झाला, आता तुले कोनाचं भेव नाई. मले पाय नाई पायजे बे, नोकरी नाई पायजे. खरं सांग. बाकीच्या दोन आयकल्या का नाई?"

तो मला दोष देत नव्हता. मी ऐकून का आलो नाही, हे त्याला विचारायचंच नव्हतं. आपण वेडे नाही, आपल्यात दुसरं कुणी नाही, एवढं त्याला एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि जगात ते सांगू शकणारा एकटा मी. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यानं ते कुणाला सांगितलं असतं तर कुणी मानलंही नसतं. माझं काय जाणार होतं? सांगा ना, काय जाणार होतं? गळ्यात अजून झेंडूचे हार होते.

मी म्हणालो, "एकच होती, उकंडा."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "हाव. तू कायले लबाड बोलशीन." आणि काठी टेकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या बेतात होतो. दारात उकंडाची म्हातारी आई आली. सोनाळ्याहून चालत आली होती. रडत होती, पण आनंदानं.

"लय उपकार झाले भाऊ तुमचे. इतके वर्स मी त्याच्या पाया पडली, नाई आयकलं. तुमचा सबद मानला त्यानं. काल घरी आला आन् सोताच म्हने, माय, तो ताईत बांध. माह्यात हाय काहीतरी."

ती वाकली. माझ्या आईच्या वयाची बाई. तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.